सायकलवर डोंगरात जाताना काय नेलंत, काय घरी ठेवलंत?

घाटवेडी:
भाची मनाली-लेहला सायकलने निघालीय, काल तिचा पलंगभर पसारा बघितला आणि आमची त्याच वाटेवरची बारालाचा खिंडीची चढण आठवली. साधारण ४८९० मीटर, श्वास पुरत नाही तिथे रुमालाचंही वजन जाणवतं. आम्ही निघतानाच ठरवलं होतं, एक जोड अंगावर एक बॅगेत, बास. स्लीपिंग बॅग नेल्या नाहीत कारण सीझनमध्ये वाटेत सरचू, पांग इथे तंबूत जाड रजया मिळतात. टूल्समध्ये मात्र काटकसर नाही, दारचा सोडलं की रुमत्सेपर्यंत धड गाव नाही. तुमचे अनुभव लिहा, तिला वाचून दाखवणारे.

पॅनिअरप्रेमी:
पाठीवर काही नको!! चढाला खांदे आणि बूड दोन्ही जातं. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पॅनिअर म्हणजे अडकवायच्या पिशव्या, जड सामान तळाला, रेनकोट सगळ्यात वर. सायकल कुठली?

घाटवेडी:
हार्डटेल, म्हणजे शॉकअप फक्त पुढे. चाकं २९ इंची.

गीअरवाला_नाशिक:
मग २९च्याच दोन ट्यूब, वाटेत कुणाकडे मिळतीलच असं नाही. आणि गीअर हँगर! मागचे गीअर ज्याला लटकतात तो इवलासा तुकडा, पण प्रत्येक मॉडेलचा वेगळा, सायकल उजवीकडे पडली की आधी तोच वाकतो, तुटला तर गीअर बंद. चेन टूल, क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), पंक्चर किट, पंप. इन्सुलेशन टेप पंपालाच गुंडाळून ठेव म्हणावं, अख्खा रोल नको.

चिपळूणची_मी:
पिरियड्सचं कुणी बोललं का तिच्याशी? मेन्स्ट्रुअल कप न्यावा, पण आधी दोन-तीन महिने सवय करून, तिथे पहिल्यांदा नको. पॅडचा गठ्ठा वाचतो आणि वापरलेली टाकायची कुठे हा प्रश्नही, त्या थंड कोरड्या हवेत कचरा लवकर कुजत नाही.

घाटवेडी:
बरं झालं लिहिलंस गं, आजच बोलते.

डोंगरपायी:
आम्ही वरंध्याची माणसं, पावसात भोरहून महाडला उतरताना फोन, पैसे, ट्यूब, विंडचीटर एवढंच, ओलं व्हायचंच आहे मग कपडे कशाला. टी-शर्ट सुती नको फक्त, घामाने भिजला की उतारावर हुडहुडी भरते. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र सारायचं, युरोपातले जुने रेसरही हेच करायचे. आणि वाघजाईपाशी गरम भजी, अहाहा

सुमी७८:
वरंधा चालू आहे का सध्या? पावसात बंद करतात ना, आम्हाला रविवारी जायचंय

डोंगरपायी:
दरडीची भीती असते, भोरला विचारूनच निघा. आम्ही ताम्हिणी करतोय, येताय का?

आईचा_डबा:
आईने डबाभर डिंकाचे लाडू दिले होते. वजन वजन करून ग्रुपने नाकं मुरडली, पांगला पोचेपर्यंत सगळे तेच मागत होते. तिथे जेवण जात नाही, अर्धा लाडू जातो. पाणीही भरपूर, पुढे मोरे प्लेन्सला नुसतं कोरडं माळरान आहे.

पॅनिअरप्रेमी:
विमानाने जाणार असेल तर पेडल काढावी लागतात. डाव्या पेडलचे आटे उलटे, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. १५ मिमीचा पाना बघून घ्या.

चिपळूणची_मी:
@आईचा_डबा लाडवांची कृती टाका ना, गूळ की साखर?

आईचा_डबा:
गूळ, आणि खारीक जास्त. आईला विचारून संध्याकाळी टाकते, आत्ता कुकर लावलाय

सुमी७८:
ताम्हिणीला किती वाजता निघताय? माझी सायकल गाडीवर टाकून आणावी लागेल