भाचीचे लग्न आणि इंग्लंडमधील शाळेची गैरहजेरी

प्रश्न : आम्ही लीड्सला राहतो. माझ्या सख्ख्या भाचीचे लग्न फेब्रुवारीअखेरीस नाशिकला ठरले असून मुहूर्त नेमका हाफ टर्मची सुट्टी संपल्यानंतरचा निघाला आहे. मी मामा असल्याने केवळ अक्षता टाकून परतणे शक्य नाही, त्यामुळे मुलांचे शाळेचे सहा दिवस बुडतील. थोरली नऊ वर्षांची आहे, तर धाकटा साडेचार वर्षांचा असून रिसेप्शनमध्ये, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गात, आहे. रजा नाकारली गेल्यास दंड किती होईल?

प्रतिसाद १ : तिकिटे काढण्यापूर्वी लेखी अर्ज करावा. २०१३ पासून इंग्लंडमधील सरकारी शाळांचे मुख्याध्यापक अपवादात्मक कारणासाठीच रजा देऊ शकतात, आणि कारण अपवादात्मक आहे की नाही हे तेच ठरवतात. दहा शालेय आठवड्यांत दहा सत्रे, म्हणजे पाच दिवस, विनापरवानगी बुडाले की दंडाचा विचार करावाच लागतो. म्हणून हळद आणि लग्न हे दोन दिवस जरी मंजूर झाले, तरी उरलेले चार दिवस त्या मर्यादेच्या आत राहतात. ऑगस्ट २०२४ पासून दंड प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड आहे. २१ दिवसांत न भरल्यास तो १६० होतो. धाकट्याला पाच वर्षे पूर्ण झालेली नसल्याने त्याच्यासाठी दंड लागू होत नाही. म्हणजे वाईटात वाईट धरले तरी, वेळेत भरल्यास, थोरलीसाठी आईवडील दोघांचे मिळून १६० पौंड.

प्रतिसाद २ : एवढा खटाटोप कशाला? पोट बिघडले म्हणून कळवावे आणि निघावे.

प्रतिसाद ३ : आणि कोपरापर्यंत रंगलेली मेंदी घेऊन मुलगी वर्गात गेली की पोटाचे काय सांगायचे? खोटे तिच्याही तोंडी घालावे लागते, हे मला अधिक खटकते. शिवाय तीन वर्षांत दुसऱ्यांदा दंड झाल्यास तो थेट १६० पौंड असतो आणि तिसऱ्यांदा प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. एरवी हजेरी उत्तम आहे, हा बचावही चालत नाही. आयल ऑफ वाइटच्या एका वडिलांनी तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि एप्रिल २०१७ मध्ये ते हरले.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सहाही दिवसांचा अर्ज करतो, हळद व लग्नाचे दिवस त्यात वेगळे नमूद करतो. पत्रिका अजून छापून आलेली नाही, तेव्हा ताईकडून तारखांचे पत्र मागवले आहे.