पडून आल्यावरच भेटायचं का? – ऑक्युपेशनल थेरपी आणि आरोग्यसंवर्धन

ओटी_शलाका
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी. काल इथे एका डॉक्टरांनी लिहिलं, "ओटीवाल्यांनी पेशंटचे हात-पाय चालते करावेत. आरोग्याचे धडे द्यायला आशाताई आहेत, आम्ही आहोत." रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मागच्या महिन्यात खुबा मोडलेल्या एका आजींच्या घरी गेले. मोरीला उंबरा, आत बुळबुळीत झालेला कडप्पा. बादली पुढे आणि साबण पाठीमागच्या कोनाड्यात. रोज ओल्या अंगाने पीळ देऊन मागे वळायच्या. तिथेच पाय सरकला. साबण पुढे ठेवायला एक रुपया लागला नसता! आता मी त्यांना खुर्चीतून उठायला शिकवतेय. हे मी आधी का करू नये?

"चाला, मीठ कमी खा" हे कोणीही सांगेल. माणूस दिवसभर काय करतो, कुठे वाकतो, कशामुळे घरात बसून राहतो हे बघून त्याचा दिवस नीट बसवणं हे आमचं शिक्षण आहे. लॉस एंजेलिसमध्ये साठीपुढच्या ३६१ जणांवर नऊ महिने अभ्यास झाला, १९९७ मध्ये छापून आला. एका गटाला ओटी, दुसऱ्याला नुसती करमणूक, तिसऱ्याला काहीच नाही. ओटीचा गट तब्येतीने आणि मनाने सरस ठरला. करमणुकीचा गट काहीच न मिळालेल्यांच्या पुढे गेला नाही.

ऑर्थो_नाशिक
तो मीच. मॅडम, ते अमेरिकेतलं झालं. मी ज्या सरकारी दवाखान्यात होतो तिथे ओटीची एकच जागा, तीही वर्षानुवर्षं रिकामी. पॅरालिसिसच्या पेशंटला सुरुवातीच्या महिन्यांत तुमची गरज असते. तेव्हा तुम्ही सोसायट्यांमध्ये भाषणं देत फिरणार? आधी आजारी माणूस बघा.

ओटी_तिसरं_वर्ष
सर, जागा रिकामी आहे हा आमचा दोष नाही. १९५० मध्ये कमलाबाई निंबकरांनी मुंबईत केईएमला ओटीचं शिक्षण सुरू केलं. पंच्याहत्तर वर्षं झाली, तरी ओटी म्हटलं की लोकांना ऑपरेशन थिएटर आठवतं. माझ्या मामाला अजून वाटतं मी फिजिओ करतेय. दवाखान्याबाहेर आम्ही दिसलोच नाही तर कळणार कसं?

सेक्रेटरी_बी_विंग
मोरीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. आमच्या रीडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरने सगळ्या बाथरूमना चकचकीत टाइल घातल्या. वर्षात तिघं पडले, त्यात माझे वडील. यांना कोण जाब विचारणार?

फरशीवाला
काका, बिल्डरला शिव्या देणं सोपं आहे. मी २२ वर्षं टाइल बसवतोय. खरखरीत टाइल दाखवली की घरच्या बाई म्हणतात, नको, मळकट दिसते. आणि पकडायचे ते रबरी वाटीवाले हँडल भिंतीला चिकटवतात. ओल्या टाइलवरची वाटी भार पडला की सुटते. भिंतीला भोक पाडून, पक्का अँकर मारून स्टीलचा दांडा लावा म्हटलं, तर टाइल तडकेल म्हणून नको!

वहिनी_सिडको
"घरच्या बाई" काय? ती खरखरीत टाइल रोज घासतं कोण? माझी कंबर गेलीय उकिडवं बसून घासण्यात. सासूबाई पडू नयेत म्हणून मी वाकायचं, आणि चूकही माझीच? एकदा तुम्ही घासून बघा.

फरशीवाला
वहिनी, तुम्हाला उद्देशून नव्हतं. जे रोज ऐकतो ते सांगितलं. घासलेलं नाही कधी, हे मात्र खरं.

सेक्रेटरी_बी_विंग
म्हणजे बिल्डर सुटला? वडील चार महिने अंथरुणात होते हो.

ओटी_शलाका
काका, बिल्डर सुटत नाही. पण वहिनींचं बोलणं वाचून मला राहवत नाही. डॉक्टरसाहेब, हेच सांगतेय मी! या घरात पेशंट कोण? सासूबाई अजून पडलेल्या नाहीत, वहिनींची कंबर अजून तुमच्या ओपीडीत आलेली नाही. उभ्याने घासता येईल असा लांब दांड्याचा ब्रश, आंघोळीला पायांना रबरी बूट लावलेलं स्टूल, सासूबाईंच्या हाताशी दांडा. दोघींचा विचार एकत्रच करावा लागतो. पत्रक वाटून हे होत नाही, घरी जाऊन मोरी बघावी लागते.

ऑर्थो_नाशिक
भाषणं नकोत, हे माझं मत कायम आहे. पण एक मान्य करतो. पन्नाशी-साठीच्या बायका घसरून मनगट मोडून येतात. प्लास्टर काढून आम्ही घरी पाठवतो. पुढे त्यांतल्याच काही खुबा मोडून परत येतात. मधल्या वर्षांत त्यांच्याकडे कोणी बघत नाही, मीही नाही. अशा बायका तुमच्याकडे पाठवीन. पॅरालिसिसवाल्यांचा वेळ त्यासाठी कापलात, तर पाठवणं बंद.

ओटी_शलाका
नाही कापणार. गुरुवारी दुपारी २ ते ४ वेगळी वेळ ठेवते. येताना मोरीचे फोटो आणायला सांगा, आणि मोरी जो धुतो त्यालाही सोबत पाठवा.

वहिनी_सिडको
मनगट मोडलेलं नसलं तरी चालेल का? या गुरुवारी सासूबाईंना घेऊन येते.