मदत हवी आहे: डिजिटल सही टोकनमध्ये दिसत नाही, उद्या टेंडर बंद

खडीवाळू: क्लास 3 डीएससी (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) घेतली. टोकन लावलं तरी महाटेंडर्सवर (राज्य सरकारची टेंडरची साइट) सर्टिफिकेट सापडत नाही. विकणारा फोन उचलत नाही. उद्या दुपारी 3 ला टेंडर बंद. लवकर सांगा.

रानवारा: टोकन कुठलं? विंडोज की मॅक? ड्रायव्हर टाकला का?

खडीवाळू: विंडोज. टोकन निळं आहे, पेनड्राइव्हसारखं.

तात्या_सातारा: निळं! 😀 टोकन इनिशियलाइझ करा. माझं दोन मिनिटांत चालू झालं होतं.

रानवारा: तात्या, काहीतरीच काय! त्याने आतलं सगळं पुसलं जातं. सर्टिफिकेट एकदाच उतरवता येतं, गेलं की पुन्हा पैसे भरा. खडीवाळू, तिकडे हात लावू नका.

तात्या_सातारा: मग माझं चाललं ते खोटं का?

रानवारा: तुमचं रिकामं असणार.

शेतावरची: आम्ही 15 रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. त्यावर तलाठ्याचा शिक्का लागत नाही, बरं का.

हिशेबनीस: एवढा खटाटोप कशाला? प्रोप्रायटर असाल तर जीएसटी रिटर्न ओटीपीवर जातं. आधारची ई-साइनही कायदेशीर आहे.

रानवारा: अहो, त्यांना टेंडर भरायचंय! खडीवाळू, डीएससीसाठी ओळख पटवायचा व्हिडिओ दिलात का? नंतर मेल आला?

खडीवाळू: हो, पॅनकार्ड हातात धरून दिला. परवा 'मंजूर' असा मेल आला. म्हणजे झालंच ना?

रानवारा: कुठलं झालं! ते टोकनात तुम्हीच उतरवायचं असतं. आधी टोकनचं सॉफ्टवेअर उघडून आत काही आहे का बघा. नसेल तर मेलमधली लिंक, अर्ज क्रमांक, पिन. पिन सारखा चुकला तर टोकन लॉक होतं, जपून.

खडीवाळू: रिकामंच होतं. आता उतरलं, माझं नाव दिसतंय. पण लॉगिन भावाचं आहे, तिथे त्याची जुनी सही जोडलेली दाखवतंय. माझी कशी जोडू?

रानवारा: हे आत्ता सांगताय? फर्म कोणाच्या नावावर?

खडीवाळू: भावाच्या. त्याची डीएससी मागच्या महिन्यात संपली, म्हणून माझी काढली. भरतो मीच ना सगळं.

रानवारा: भरा की, पण सही त्याची लागणार. भावाच्या नावाची नवी काढा. आधार ई-केवायसीने केली तर त्याच दिवशी मिळू शकते, फक्त व्हिडिओला तो स्वतः हवा.

खडीवाळू: तो वारीत आहे. सकाळपासून फोन बंद.

तात्या_सातारा: दिंडी कितवी? विणेकऱ्याचा नंबर असेल बघा घरात.