सनातनी मेचन स्वातंत्र्यवादी होता का?

वाचस्पती_७१:
अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचा धर्मशास्त्री जे. ग्रेशम मेचन (१८८१–१९३७) याच्या लेखांचा डी. जी. हार्ट यांनी संपादित केलेला संग्रह (२००४) वाचला. कर्मठ म्हणून आपण अशा माणसाला बाजूला टाकतो आणि मला ते चुकीचं वाटतं. सरकारी शाळांत बायबल वाचायला लावण्याला या माणसाचा कडवा विरोध होता! ख्रिस्त माणसाला पापातून तारतो ही मूळ गोष्ट गाळून नुसते नीतिपाठ वाचले तर बायबलचाच विपर्यास होतो, असं तो म्हणे. लहान मुलांना परभाषा शिकवण्यावर नेब्रास्का या अमेरिकन राज्याने घातलेल्या बंदीवर तो तुटून पडला. १९२६ साली वॉशिंग्टनला जाऊन त्याने केंद्रीय शिक्षण खात्याविरुद्ध साक्ष दिली. दारूबंदीला पाठिंबा देणाऱ्या चर्चच्या ठरावाविरुद्ध मत दिलं, कारण राजकारणात पडणं हे चर्चचं काम नव्हे. प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयात तो शिकवायचा, तिथल्या बढतीच्या वेळी ते मत त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं. आपल्याच गोटाला न आवडणारी भूमिका घेऊन तिची किंमत मोजणारे किती जण असतात?

रोखठोक:
साफ असहमत. बालमजुरी रोखू पाहणाऱ्या घटनादुरुस्तीलाही त्याने स्वातंत्र्याच्याच नावाने विरोध केला. गिरणीत राबणाऱ्या पोराला या स्वातंत्र्याचा काय उपयोग? आणि १९१३ साली प्रिन्स्टनच्या वसतिगृहात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला जागा मिळाली, तेव्हा त्याविरुद्ध चिडून आईला पत्र लिहिणारा हाच. तिथल्याच ज्या प्राध्यापक वॉरफिल्डना तो गुरू मानायचा, ते त्या विद्यार्थ्याच्या बाजूने होते. त्यामुळे 'काळच तसा होता' हे उत्तर चालणार नाही.

वाचस्पती_७१:
त्या पत्राचं समर्थन मी करणार नाही, ते लाजिरवाणंच आहे. पण म्हणून शाळांवरच्या निबंधातला युक्तिवाद खोटा ठरत नाही. मुलांच्या मनावर एकट्या सरकारचा ताबा नको, हे आजही पटतं.

कृष्णाकाठची:
मी मिरजेची, म्हणून मला मिशनचा वाद जवळचा वाटतो. मिशनरी डॉक्टर वान्लेस यांचं इथलं रुग्णालय ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन बोर्डाचं, त्याच बोर्डावर मेचनने १९३३ साली उदारमतवादी झाल्याचा, म्हणजे मूळ ख्रिस्ती श्रद्धा पातळ केल्याचा, आरोप केला आणि वेगळं बोर्ड काढलं. त्याआधी, १९३२ साली, मिशनांच्या कामाची पाहणी करणाऱ्या हॉकिंग समितीने अहवाल दिला होता: दवाखाने आणि शाळांवर थेट धर्मप्रसाराचं ओझं नको. मला हा अहवाल माणुसकीचा वाटतो. आजाऱ्याच्या उशाशी धर्माची अट कशाला?

वाचस्पती_७१:
अट घाला असं तो म्हणत नव्हता. ख्रिस्ताच्या प्रचारासाठी म्हणून लोकांनी दिलेला पैसा त्याच कामी लागावा, हा त्याचा मुद्दा प्रामाणिकपणाचा होता. चर्च ही स्वेच्छेने जमलेल्यांची संस्था; मत बदललं असेल त्याने उघड सांगून बाहेर पडावं.

रोखठोक:
मग वेगळं बोर्ड सोडायचा हुकूम चर्चच्या महासभेने, म्हणजे सर्वोच्च सभेने, दिला, तेव्हा त्याने तो का मानला नाही? संस्थेची शिस्त फक्त उदारमतवाद्यांसाठी?

वाचस्पती_७१:
कारण त्याच्या लेखी महासभेच्या वर चर्चची घटना होती आणि घटनेच्या वर बायबल. हुकूम मोडला म्हणून चर्चने त्याच्यावर चालवलेल्या खटल्यात तो हुकूम वैध आहे का, यावर त्याला बोलूच दिलं नाही. १९३६ साली निलंबन कायम झाल्यावर त्याने नवं चर्च उभारलं. मत पटेना म्हणून बाहेर पडणं त्याने स्वतःही करून दाखवलं.

रोखठोक:
हाकलल्यावर! आधी नाही.