शब्दचर्चा : अणुशक्तीवर चालणारी ‘विशाल’ – विमानवाहू की विमानवाहक?

प्रश्न : भारताच्या पुढच्या विमानवाहू नौकेवरच्या एका मजकुरात ‘आण्विक विमानवाहक’, ‘अण्वस्त्रधारी नौका’ आणि ‘आयएनएस विशाल’ असे तिन्ही शब्दप्रयोग आहेत. यातले बरोबर कोणते?

– ‘विमानवाहू’ घ्या. मालवाहू, भारवाहू याच साच्यातला शब्द आहे. ‘विमानवाहक’ हिंदीतल्या ‘विमानवाहक पोत’मधून आलेला दिसतो. व्याकरणाने चूक नाही, पण मराठीत वाहक म्हटला की एसटीतला तिकीट फाडणारा डोळ्यांसमोर येतो. ‘अण्वस्त्रधारी’ मात्र साफ चूक. अणुभट्टी पाणी तापवते, वाफेवर टर्बाइन फिरते, त्यावर नौकेचे पंखे. शस्त्राचा इथे संबंध नाही. रशियाकडून भाड्याने घेतलेली ‘चक्र’ पाणबुडी अणुशक्तीवर चालायची, पण तिच्यावर अण्वस्त्रे नव्हती. भारताच्या ‘अरिहंत’ पाणबुडीवर अणुशक्ती आणि अण्वस्त्रे दोन्ही. ‘आण्विक’ लिहिले की यातले काय म्हणायचे आहे ते कळत नाही, म्हणून ‘अणुशक्तीवर चालणारी’. शीर्षकात जागा नसेल तर ‘अणुचलित’.

– भर घालतो. हिंदी मजकूर समोर असेल तर जपून : तिकडचा ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू आणि तिकडचा ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. सुटा लिहिताना ‘अणू’ दीर्घ, समासात ‘अणुभट्टी’ ऱ्हस्व. आणि ‘इंधनाशिवाय चालणारी’ नको. फ्रान्सच्या अणुचलित विमानवाहू ‘चार्ल्स द गॉल’च्या भट्ट्यांचे इंधन २०१७-१८च्या मोठ्या दुरुस्तीत बदलले. शिवाय विमानांचे इंधन समुद्रात भरून घ्यावेच लागते.

– नावाचे राहिले. ‘आयएनएस’ (इंडियन नेव्हल शिप) लागते ते नौदलात दाखल झाल्यावर. माझगाव डॉकमध्ये बांधलेली युद्धनौका ‘इंफाळ’ २६ डिसेंबर २०२३ला दाखल होईपर्यंत ‘यार्ड १२७०६ (इंफाळ)’ होती, म्हणजे गोदीतला बांधणी क्रमांक. ‘विशाल’ अजून कागदावरच आहे, तेव्हा ‘आयएनएस विशाल’ घाईचे. दुसरे, देवनागरीत इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरे नाहीत. ‘विशाल विमानवाहू नौका’ हे नाव की विशेषण, वाचणाऱ्याने ओळखायचे कसे? अवतरणचिन्हे हवीतच. जुन्या विमानवाहू ‘विराट’चाही हाच घोळ असायचा.

प्रश्नकर्ता : क्रियापद कोणत्या लिंगात? आणि प्रत्यय?

– नौका मनात धरून स्त्रीलिंग : (विमानवाहू) ‘विक्रमादित्य’ निघाली. जहाज म्हटलेत तर ‘निघाले’, पण एका लेखात एकच ठेवा. नावाचे सामान्यरूप करू नका. ‘विक्रमादित्य’वर विमान उतरते, विक्रमादित्यावर उतरले तर ते राजाच्या डोक्यावर!

– टप्प्यांचे शब्दही सरमिसळ होतात. विमानवाहू ‘विक्रांत’ची कील (तळाचा कणा) २००९ला ठेवली, जलावतरण १२ ऑगस्ट २०१३ला, नौदलात दाखल २ सप्टेंबर २०२२ला. जलावतरणाला ‘दाखल’ म्हटले की नौका नऊ वर्षे आधीच सेवेत जाते. कोचीत सांगाडा पाण्यात उतरवला तेव्हा बरेच काम बाकी होते.

प्रश्नकर्ता : मग असे चालेल? ‘भारताची पुढची विमानवाहू नौका (चर्चेतले नाव ‘विशाल’) अणुशक्तीवर चालवण्याचा विचार’.

– चालेल. ‘चर्चेतले नाव’ काढू नका. ‘चार्ल्स द गॉल’ही आधी ‘रिशल्यू’ व्हायची होती. १९८७ला, कील ठेवण्याआधीच, नाव बदलले.