अनुभव धागा: खच्चून भरलेलं विमान आणि टेकऑफची ती मिनिटं

लांब पल्ल्याचं विमान पूर्ण भरून निघालं की ते धावपट्टी सोडणारच नाही असं वाटायला लागतं. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना बोईंग 777-300 ईआरमध्ये पंखामागची खिडकी मिळाली होती. या विमानाचं कमाल उड्डाणवजन 351 टनांच्या वर जातं आणि एवढ्या पल्ल्याला त्यात शंभराहून जास्त टन नुसतं इंधन असतं. त्यात मे महिन्यातली उकाड्याची रात्र. गरम हवा विरळ असते, त्यामुळे धाव आणखी लांबते. डोक्यावरचे सामानाचे कप्पे खडखडत होते, कडेचे दिवे सपासप मागे जात होते, पण नाक काही उचलेना. शेजारच्या आजींनी माझं मनगट घट्ट धरलं आणि रामरक्षा सुरू केली. मग पंखाचं टोक वर वाकत गेलेलं दिसलं आणि चाकांचा आवाज थांबला.

खरी घाबरगुंडी त्यानंतर उडाली. मिनिटभरात इंजिनांचा आवाज अचानक उतरला, पोटात खड्डा पडला. इंजिन गेलं, असंच वाटलं. पुढे नात्यातल्या एका वैमानिकाने सांगितलं की साधारण 1000 ते 1500 फुटांवर टेकऑफची पूर्ण ताकद मुद्दाम कमी करतात आणि वेग वाढवायला नाक जरा खाली घेतात. मग फ्लॅप, म्हणजे उचल वाढवायला पंखाच्या कडेला बाहेर काढलेल्या पट्ट्या, आत जातात. हे प्रत्येक उड्डाणात होतं. आजींना हे आधीच सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं! म्हणून हा धागा. तुमचे अनुभव लिहा, आणि नंतर कारण कळलं असेल तर तेही लिहा.

*

आमचा अनुभव लेहचा. विमानतळ 10,600 फुटांहून उंच. हवा इतकी विरळ की पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनांचीही ताकद घटते. दुपारी हवा तापते, वारा उठतो, म्हणून तिथली विमानं सकाळीच निघतात. आमच्या वेळी ऊन चढलं, निघायला उशीर झाला आणि वजन बसेना म्हणून काही बॅगा उतरवल्या. लोक चिडले, मला मात्र हायसं वाटलं. समोर डोंगर उभा असताना कुणीतरी किलोकिलोचा हिशोब करतंय, यापेक्षा मोठा दिलासा कुठला?

*

मुलीच्या बाळंतपणाला परदेशी निघाले होते. विमान जोरात धावत असतानाच करकचून ब्रेक लागले. पट्टा पोटात रुतला, पुढे कुणाची तरी बाटली गडगडत गेली, आणि मग एकदम शांतता. कॅप्टन म्हणाले, इशाऱ्याचा दिवा लागला म्हणून थांबलो. अग्निशमनच्या गाड्या येऊन चाकं बघून गेल्या. एवढं वजन थांबवताना ब्रेक कधीकधी इतके तापतात की टायर फुटू नये म्हणून चाकातली खास बुचं वितळून हवा सोडून देतात. ब्रेक निवेपर्यंत ताटकळलो. हातपाय गार पडले होते, पण त्याच विमानाने गेले आणि नातवाला वेळेत पाहिलं.

*

वरच्या ताई, तुमचं विमान थांबलं कारण ते ‘व्ही-वन’ नावाच्या ठरलेल्या वेगाच्या आत होतं. त्या वेगापुढे उरलेल्या धावपट्टीत थांबता येत नाही, मग एक इंजिन गेलं तरी उडायचंच असतं. आणि एका इंजिनावर विमान चढतंही, तसं ते सिद्ध केल्याशिवाय परवानाच मिळत नाही.

मी केबिन क्रूमध्ये होते. टेकऑफला आम्ही दाराशी गप्प बसलेल्या दिसतो ना, तेव्हा मनात उजळणी चालू असते: आग लागली तर कुठलं दार, उघडण्याआधी बाहेर ज्वाळा नाहीत ना हे बघायचं, ओरडून काय सांगायचं, मदतीला कुणाला हाक मारायची. भरलेल्या विमानात तर कडेवर बाळ असलेली आई कुठल्या रांगेत आहे हेही मी ध्यानात ठेवायचे.

*

12 जून 2025 च्या अहमदाबादच्या अपघातानंतर आमच्या बाबांनी विमानाचं नावच टाकलं होतं. विमानातले 241 जण गेले. ती भीती समजावून घालवता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही केला नाही. लंडनला येताना फक्त पुढचा आवाज कशाचा ते आधी सांगत गेले. ‘बाबा, आता खाली धडधड होईल, चाकं आत जातायत.’ झालीच. ‘आता आवाज उतरेल.’ उतरला. तिसऱ्या वेळी त्यांनीच विचारलं, ‘आता काय?’

*

पंखांजवळची जागा घ्या, हालचाल कमी जाणवते. आईसाठी मी नेहमी तीच घेतो.