मदत हवी आहे : नवऱ्याची किडनी जुळत नाही, पुढे काय?

नमस्कार मंडळी, आम्ही चोपड्याचे. वहिनीचं डायलिसिस जळगावला सुरू आहे. दादा किडनी द्यायला एका पायावर तयार, रक्तगटही जुळला, पण क्रॉसमॅच (वहिनीचं शरीर दादाच्या पेशींवर हल्ला करेल का, हे पाहणारी रक्ताची चाचणी) पॉझिटिव्ह आला, म्हणजे जुळत नाही! डॉक्टर म्हणाले, बाळंतपणांमुळे नवऱ्याच्या एचएलएविरुद्ध (पेशींवरच्या ओळखखुणांविरुद्ध) अँटिबॉडी तयार झाल्यात. ही किडनी शरीर लगेच नाकारू शकतं. आता वहिनीचा अमळनेरचा सख्खा भाऊ पुढे आलाय. सख्ख्या भावंडांत एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के, अर्धं जुळण्याची ५० टक्के. आई निम्मी जुळतेच, पण तिला शुगर आहे.

कुणी प्लाझ्मा काढून अँटिबॉडी कमी करून घेतल्यात का? की अशाच दुसऱ्या कुटुंबाशी किडनीदात्यांची अदलाबदल, म्हणजे स्वॅप, बरं पडतं? नाशिक-मुंबईचा खर्च, धावपळ कशी असते? अनुभव असेल त्यांनीच सांगा. काढे-जडीबुटी नको, हात जोडतो.